तुमच्या ग्लासात काय होतं

दाजी, तुमच्या पिंडाला कावळा शिवला. पण कशापायी शिवला ते ऐका, आणि मग हसायचं का रडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला दोन्ही जमेना, म्हणून लिहायला बसलोय.

कऱ्हेच्या घाटावर माणसं सकाळपासून ताटकळत उभी होती. तुमच्या आवडीचं म्हणून ज्याला जे सुचलं ते त्यानं आणून ठेवलेलं. भजी होती, जिलेबी होती, डेअरीतल्या पोरांनी मसाला दूध आणलं होतं, कुणीतरी कपात चहासुद्धा ठेवला होता. कावळा समोरच्या बाभळीवर बसून मान वाकडी करून सगळं बघत होता, पण खाली उतरायचं नाव नाही. तुमच्या रोहननं हात जोडून 'आईला अंतर देणार नाही' म्हणून सांगितलं. तरी नाही. मी 'अक्काची काळजी करू नका' म्हणालो. तरी नाही. गुरुजी घड्याळाकडं बघायला लागले, दर्भाचा कावळा करू का म्हणून विचारायला लागले. तेवढ्यात तुमच्या शनिवारच्या बैठकीतला पैलवान पुढं झाला. त्यानं खिशातून क्वार्टर काढली, झाकण फिरवलं, द्रोणात ओतली आणि द्रोण पिंडाला चिकटून ठेवला. "घे वसंता. आमच्या हातची शेवटची," असं म्हणून डोळे पुसत मागं सरकला.

आणि कावळा आला की हो!

आला, पिंडावर चोच मारली, भात घेऊन गेला. एकच गलका झाला. बैठकीतलेच तात्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणलं न्हवतं का मी? त्येचा जीव कशात अडकलाय ते आमालाच ठावं!" माणसं रडता रडता हसायला लागली. मी अक्काकडं बघितलं. माझी बहीण, तुमची बायको, पायऱ्यांवर बायकांत बसली होती. तिनं पदर सारखा केला, उठली, आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "शेवटपातूर तिच्यातच जीव हुता म्हणायचा."

दाजी, मला त्या कावळ्याची मान पिरगाळावीशी वाटली. अहो, तो दारूसाठी नव्हता आला. पैलवानाचं ते धूड सकाळपासून पिंडापुढं उभं होतं, ते बाजूला झालं म्हणून आला. पण हे कुणाला सांगू? एक सांगितलं की पुढचंही सांगावं लागणार. म्हणजे हे, की दाजींनी गेल्या चार-पाच वर्षांत थेंबाला हात लावला नव्हता. आणि ते सांगायची मला चोरी. माझ्या सख्ख्या बहिणीची शपथ माझ्या गळ्यात बांधून तुम्ही मोकळे झालात.

मोकळे! तुमचं बरं आहे.

मेहुण्याचं आणि दाजींचं नातं चेष्टामस्करीचं असतं म्हणतात. आपलं सुरुवातीला तसं नव्हतं. मला तुमचा भयंकर राग यायचा. भाऊबीजेला अक्का मला ओवाळायची तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत तोंड उघडं टाकून पडलेले असायचात, आणि ती निरांजनाच्या ताटापलीकडून माझ्याकडं बघायची की बाबा आज काही बोलू नकोस. डेअरीत मात्र तुमच्या नाकाची ख्याती. कॅनचं झाकण उघडलं की दूध सकाळचं का रात्रीचं, कुणाच्या गोठ्यातलं, पाणी विहिरीचं घातलंय का कॅनॉलचं, सगळं सांगायचात. अशा माणसानं संध्याकाळी धाब्यावर जाऊन तेच नाक आणि तीच जीभ बुडवावी याचा मला संताप यायचा.

मग तुम्ही बैठक घरी आणलीत. दर शनिवारी गच्चीवर. 'निदान रस्त्यात तरी पडत नाही' असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. अक्का काहीच म्हणाली नाही. आणि कसं कोण जाणे, त्या बैठकीला मला ओढलंत ते डाळिंबांवरून. "पाव्हणं, तुज्या बागेतली तडकलेली फळं टाकून देत जाऊ नगस. माझ्याकडं आण." तडकलेलं डाळिंब व्यापारी घेत नाही, पण दाणा गोड असतो. मग दर शनिवारी मी इंदापुरातलं माझं चष्म्याचं दुकान लवकर बंद करायचो, मोटारसायकलला पिशवी अडकवायचो आणि बारामतीला निघायचो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकायचो, शिव्या देत यायचो, तरी यायचो.

खरं सांगतो, तुमचं सरबत बघण्यासारखं असायचं. पिण्याआधी बघण्यासारखं. मिक्सरला तुम्ही गच्चीची पायरी चढू दिली नाहीत. "बी फुटली की तुरट हुतं," असं म्हणत चाळणीवर तळहातानं दाणे रगडायचात, मनगटापर्यंत लाल. त्यात आल्याचा रस, काळं मीठ, भाजलेलं जिरं, चुरडलेला पुदिना, गुळाचं पाणी. इथवर साधारण एकच. इथून पुढं ज्याचं त्याचं, रमचं मापसुद्धा.

तात्यांना शुगर. त्यांच्यात गूळ नाही, डाळिंबाचा रस निम्मा, वर सोडा आणि लिंबू, आणि जिरं मूठभर, कारण जिरं जास्त असलं की जिभेला गोडाची आठवण येत नाही असं तुमचं म्हणणं. शिंदे सरांना पित्त. त्यांचा रस आलं घालायच्या आधीच बाजूला काढलेला, लिंबू वर्ज्य, त्याऐवजी बडीशेप भिजवलेलं पाणी. पैलवानाला काहीही चालायचं, म्हणून त्याला काहीच लागायचं नाही. त्याच्या ग्लासात रम ओतून वर हिरवी मिरची मधोमध चिरून उभी करायचात, तेव्हा कुठं त्याच्या कपाळाला घाम यायचा. आणि माझ्यात गूळ दुप्पट, रम चमचाभर. "पाव्हण्याची बाळघुटी!" म्हणून ओरडायचात आणि सगळे मला हसायचे. मी चिडायचो, पण खरं तर मला तेवढीच आवडायची आणि ते तुम्ही मला न विचारता ओळखलं होतं.

ग्लास स्टीलचे. काचेचे घ्या म्हटलं तर म्हणायचात, काचेत रंग दिसतो आणि मग माणसं दुसऱ्याच्या ग्लासात बघत बसतात. तेव्हा मला त्यातली मेख कळली नव्हती. ओळखायला सोपे, कारण सगळे आहेरातले, ज्याच्यावर-त्याच्यावर नाव घातलेलं. पैलवानाचा ग्लास 'कै. पार्वतीबाई यांच्या स्मरणार्थ'. तो हात पुढं करून म्हणायचा, "पार्वतीबाई भरा!" तात्यांचा सत्यनारायणाच्या पूजेचा. सरांचा कुणाच्या तरी वास्तुशांतीचा. आणि माझा नि तुमचा एकाच जोडीतला, आमच्या वडिलांनी तुमच्या लग्नात दिलेला, 'चि. सौ. कां. सुमन' असं कोरलेला. अक्काचं नाव. तुमच्या ग्लासाला काठापाशी पोचा होता, एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी लाईट गेली नसती तर मला कधीच कळलं नसतं. तुम्ही नुकतेच ग्लास भरून ताटात मांडले होते. अंधारात मी चाचपडत माझा उचलला, म्हणजे माझा समजून उचलला, आणि मोठा घोट घेतला. घशात जाळ झाला! सुंठ, मिरी, आल्याचा नुसता अर्क. मी पुढची चव यायची वाट बघत राहिलो. पुढं काही आलंच नाही. पुन्हा घोट घेतला. दारू नव्हती. तेवढ्यात बोटाला पोचा लागला.

"दाजी, ह्यात तर..." मी म्हणालो, आणि तुमच्या हातानं माझं मनगट धरलं. केवढ्या जोरात!

"पाव्हणं. गप."

लाईट आली. तुम्ही हसत माझ्या हातातून ग्लास काढून घेतलात, घोट घेतलात, डोळे मिटून तोंड वाकडं केलंत आणि 'हाऽऽ' करून श्वास सोडलात. सर म्हणाले, "वसंतराव, बेतानं." मी आ वासून बघत बसलो. सुंठ-मिरी कशाला ते तुम्ही नंतर जिन्यात सांगितलंत. "घशाला चटका बसल्याबिगर तोंड वाकडं हुत न्हाय. आन तोंड वाकडं न्हाय झालं तर तात्या लगीच वळखंल." बाकीच्यांचे ग्लास तुम्ही त्यांच्या जिभेसाठी जुळवायचात. स्वतःचा तेवढा चेहऱ्यासाठी जुळवलेला.

मी विचारलं, "आणि माझ्या बहिणीच्या नावाचाच ग्लास कशाला?"

"नाव हाय म्हणूनच की," म्हणालात. "ह्यात ती वतायची हिंमत हुत न्हाय."

मला इतका आनंद झाला होता दाजी, की मी चार पायऱ्या उतरलोसुद्धा. स्वयंपाकघरात जाऊन अक्काला सांगणार होतो. तुम्ही मागून शर्ट धरलात. "तुज्या अक्काची शप्पथ हाय तुला. कुणाला बोलायचं न्हाय. तिला तर न्हायच न्हाय."

माझ्या जिवाला तेव्हापासून जो घोर लागला तो अजून आहे.

त्या तिघांना का सांगायचं नाही ते मला पटलं होतं. तुम्ही एकदा माळ घातली होती. आपल्याकडं गळ्यात तुळशीची माळ घातली की माणसाला कुणी आग्रह करत नाही. पण या तिघांनी धाब्यावर तुमची माळ अलगद काढून खिळ्याला अडकवली होती. "खाता-पितानं तितं ऱ्हाऊ दे. जाताना घाल परत, देव काय कुठं पळून जात न्हाय." दुसऱ्या वेळेलाही तेच. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांचं प्रेमच तसं, गळ्यात पडून घशात ओतणारं. मी म्हणालो, मग सोडा त्यांना. तुम्ही म्हणालात, "दारू सुटली, माणसं कशी सोडू? डेअरी सुटल्यावर कोण हाय मला?" आणि वर हेही सांगितलंत, की प्रत्येकाच्या ग्लासातली तुम्ही महिन्यागणिक थोडी थोडी कमी करत आणलीय. रस वाढवायचा, आलं वाढवायचं, मिरची वाढवायची. "त्येंच्या बायका मला शिव्या घालत्यात. निम्म्या तरी कमी हुतील." पैलवानाला अजून वाटतं त्याची सहनशक्ती वाढलीय!

पण अक्काला का नाही? यावर आपण भांडलो. जितक्या वेळा मी त्या जिन्यातून उतरलो, तितक्या वेळा भांडलो. दोन वेळा माळ मोडली, तिसऱ्यांदा रोहनच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, तेव्हा अक्का कणीक मळता मळता म्हणाली होती, "आता सोडली ह्यो शब्द माझ्यापुढं काढायचा न्हाय. सोडा, न्हायतर पिऊन मरा. पण मला यिऊन सांगू नका."

"ती म्हणली सांगू नका. मी सांगत न्हाय," तुम्ही म्हणायचात.

"अहो, रागानं म्हणाली ती!"

"रागानं म्हणली म्हणूनच खरं म्हणली. आन समजा सांगितलं, आन परत सुरू झाली तर? तिचं तोंड बघायची ताकद न्हाय आता माझ्यात."

मी म्हणायचो, दिवाळीला सांगा. तुम्ही म्हणायचात, दिवाळी हू दे. मी म्हणायचो, दिवाळी झाली. तुम्ही म्हणायचात, रोहनचं मार्गी लागू दे. त्याला पुण्यात नोकरी लागली. मग आणखी काहीतरी. च्यायला, तुम्ही सोडलेल्या दारूनंच तुम्हाला कोंडून ठेवलं होतं. प्यायचात तेव्हा निदान उघड प्यायचात. सोडली तेव्हापासून चोरासारखे जगलात. आणि सोबत मला घेतलंत.

अक्काला कळायचंही कसं? शनिवारी तिन्हीसांज झाली की ती तिचं अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची आणि तुमच्याकडं बघायचं बंद करायची. चौघांच्या ग्लासांत ओतून तुमच्या हातांना, शर्टाला तोच वास. मी वरून उतरलो की ती मला म्हणायची, "तू तरी नको रं जाऊ वर, दिल्या. एक बघतीयाच मी." मी मूग गिळून गाडीला किक मारायचो. एकदा तर मी हट्ट धरला, की मलाही तुमच्यासारखाच ग्लास द्या, म्हणजे मन तरी साफ राहील. तुम्ही म्हणालात, "तुला तोंड वाकडं करता येत न्हाय, पाव्हणं. धरून दिशील." ते मात्र खरं होतं.

शेवटच्या शनिवारी तुम्ही चाळणी धूत होतात. बाकीचे गेले होते. पाठ माझ्याकडं, आणि एकदम विचारलंत, "तुज्या अक्काला काय चालतं रं? आंबट का गोड?"

मला माहीत नव्हतं. तुम्हालाही माहीत नव्हतं. तात्यांना जिरं किती, सरांना बडीशेप किती, पैलवानाला मिरची कुठं चिरून, हे सगळं पाठ असलेला माणूस आणि तिच्या पाठीवर जन्मलेला मी, दोघं त्या गच्चीत उभे, आणि ती काय आवडीनं खाते ते एकालाही सांगता येईना. माहेरी असताना आम्ही भावंडं जेवल्यावर जे उरेल ते तिला आवडायचं. सासरी तुमचं झाल्यावर उरेल ते. मी म्हणालो, "विचारून सांगतो." तुम्ही म्हणालात, "नगं, नगं. विचारलं की तिला कळंल. बघतो माझं मीच. फुडच्या शनवारी तिला एक ग्लास दिऊन बघतो, तिला काय कळायचं ते कळू दे." आणि चाळणी झटकून भिंतीला लावलीत.

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. तुम्ही स्कूटरला किक मारता मारता खाली बसलात ते बसलातच, असं शेजाऱ्यानं सांगितलं. मी निघालो, आणि रस्त्यात ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्याच्यापुढं आणखी एक ट्रॅक्टर. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. उसाची पाचट तोंडावर उडत होती आणि मी हॉर्नवर बोट दाबून रडत होतो. एकच विचार, की आता हे माझ्याच घशात राहिलं.

पुढचे दिवस कसे काढले ते तुम्हाला काय सांगू? तुमच्या घराच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसलो होतो. येणारं प्रत्येक माणूस माझा हात धरून तेच बोलायचं. आदल्या दिवशी शनिवार होता ना? जास्त झाली असेल. पिऊन पिऊन काळजाची चाळण झाली असेल. आत बायका अक्काला म्हणायच्या, "सुटलीस बाई." सुटली! आणि ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. रोहन माझ्याशेजारी बसून म्हणाला, "मामा, निदान माझ्यासाठी तरी बाबांनी सोडायला पाहिजे होती ना?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली घेऊन तुम्ही निघून गेलेले. मी शिकलेला माणूस आहे, पण शपथ म्हटलं की मन कच्चं पडतं. मोडली आणि अक्कालाच काही झालं तर? रात्री डोळा लागायचा नाही. मनातल्या मनात तुमच्याशी भांडायचो आणि तुम्ही नेहमीसारखे म्हणायचात, दिवाळी हू दे.

आणि मग दहाव्याला तो कावळा. तोपर्यंत निदान माणसं बोलत होती. त्या दिवसापासून देवाची साक्ष झाली. 'तिच्यातच जीव हुता', हे अक्काचं वाक्य माझ्या कानातून जाईना. जिला काही होऊ नये म्हणून मी शपथ पाळत होतो, तिला रोज काय होतंय ते मी समोर बघत होतो.

तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी रोहन बँकेच्या कामाला बाहेर गेला होता. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी माझ्या पिशवीतली डाळिंबं घेतली आणि गच्चीवर गेलो.

चाळणी तुम्ही ठेवली तिथंच होती. मी दाणे रगडायला बसलो. तुमच्यासारखं जमत नव्हतं, अर्धा रस शर्टावर. आल्याचा रस काढला, सुंठ-मिरी कुटली, पुदिना, जिरं, काळं मीठ, सगळं तुम्ही घालायचात तेवढं, म्हणजे मला आठवलं तेवढं. पोचा आलेला ग्लास शोधला. तो भरला आणि खाली येऊन अक्कापुढं धरला.

तिनं ग्लास ओळखला. गच्चीवरचा तो, एवढं तिला माहीत होतं. तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता तांदळाचं ताट माझ्या अंगावर येतंय.

"लाज न्हाय वाटत? मला पाजाया आलायस? अजून त्येंची माती वाळली न्हाय!"

मी काही बोललो नाही. शपथ न बोलण्याची होती, दाजी. ग्लास न देण्याची नव्हती. मी तो तसाच तिच्यापुढं धरून उभा राहिलो. शेवटी तिनं तो हातात घेतला, वास घेतला. कपाळाला आठी पडली. पुन्हा वास घेतला. मग अगदी थोडं तोंडाला लावलं, आणि ठसका लागला तिला. डोळ्यांत पाणी आलं. तिनं दुसरा घोट घेतला, तोंडात धरला, मी त्या अंधारात थांबलो होतो तशीच थांबली. पुढची चव यायची वाट बघत.

"ह्यात काय न्हायच की," ती म्हणाली. "कुणाचा हाय ह्यो?"

मी पोच्यावर बोट ठेवलं आणि दारातून दिसणाऱ्या तुमच्या फोटोकडं बघितलं.

तिनं ग्लास फिरवून स्वतःचं नाव वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मला तोंड वाकडं करता येत नाही, तसं सरळही ठेवता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिला सगळं कळलं.

"कधीपासनं?"

शपथ आडवी आली.

तीच हिशेब करायला लागली, मोठ्यानं. "रविवारी सकाळी उठून च्या करून ठिवायचे. मी उठायच्या आदी. थर्मासात. मला वाटायचं, रातचं पाप धुत्यात... आन कुंड्यांना पाणी घालायचे. हात न्हवता थरथरत. मी बघितलं हुतं दिल्या, हात थरथरत न्हाय ते. बघितलं आन म्हणलं, आपल्याला काय करायचंय." मग तिचा आवाज फुटला. "मी मरा म्हणलं हुतं रं. पिऊन मरा म्हणलं हुतं."

मी खाली बसलो. तिला धरलं. ती रडली, दाजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडली. तुमच्यासाठी रडली, तुमच्यावर रडली, आणि मध्येच माझ्या पाठीत धपाटे घातले. "तू भाऊ का कोण? सांगू नका म्हणलं हुतं मी. सांगू नका! चाखू दिऊ नका म्हणलं हुतं का? एक घोट दिला असता तर काय माझं तोंड झिजलं असतं का त्येंचं?" याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं.

मी तुमच्यावर चिडलोय, अजूनही चिडलोय. एवढी मोठी गोष्ट केलीत, ती करून दाखवलीत, आणि तिच्या वाट्याला त्यातलं काही येऊ दिलं नाहीत. ती पाठ फिरवून झोपत राहिली आणि तुम्ही तिच्या पाठीमागं जागे. एका घरात दोघं कोंडलेले, आणि मध्ये फक्त एक अंथरूण. तरी त्या जिन्यात तुम्ही माझा शर्ट धरलात त्या दिवसापासून मी तुम्हाला मनापासून दाजी म्हणायला लागलो, हेही खरं. ते तोंडावर सांगायचं राहिलं. आपल्यात तसलं बोलायची पद्धत नव्हती.

गावाचं काय करायचं ते मला माहीत नाही. तात्या अजून भेटेल त्याला कावळ्याची गोष्ट सांगतायत. मी अक्काला विचारलं, त्या तिघांना सांगू का? ती नाक पुसत म्हणाली, "कावळ्यानं सांगितल्यावर तुजं कोण ऐकतंय?" आणि दाजी, ती हसली. अगदी जराशी.

मग तिनं ग्लास पुन्हा उचलला. उरलेलं सगळं प्यायली, सावकाश, तळाचा पुदिनासुद्धा चावून खाल्ला. ग्लास खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मीठ लई झालंय. मला एवढं चालत न्हाय. तिखट ऱ्हाऊ दे."

तुम्ही विचारलं होतंत ना? आंबट का गोड? दाजी, अक्काला तिखट चालतं. मीठ कमी लागतं. गुळाचं अजून कळलं नाही. उद्या थोडा घालून बघतो.